लढाऊ जहाज करडंच का?

झाशीहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही १९ नोव्हेंबर २०२१ रोजी, राणी लक्ष्मीबाईंच्या जयंतीदिनी, याच शहरात पंतप्रधानांनी नौदलप्रमुख अॅडमिरल करमबीर सिंग यांच्याकडे जहाजांसाठीची एक यंत्रणा सुपूर्द केली. तिचं नाव ‘शक्ती’. शत्रूचं रडार आणि क्षेपणास्त्रं यांचे संकेत टिपायचे, ते ओळखायचे आणि वेळ आली तर त्यांची दिशाभूल करायची, हे तिचं काम. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘आयएनएस विशाखापट्टणम’वर ती आधीच बसवली होती. झाशीच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी ही विनाशिका मुंबईत नौदलात दाखल झाली. लांबी १६३ मीटर, वजन ७,४०० टन, आणि पाण्यावरचं जवळजवळ सगळं अंग करड्या रंगाचं.

रडारला रंग दिसत नाही. मग इतकी महागडी यंत्रणा असताना रंगाची एवढी काळजी कशासाठी? कारण समुद्रावर माणसाचे डोळे अजून पहारा देतात. दुर्बीण, पेरिस्कोप, विमानातला कॅमेरा, सगळ्यांना प्रकाशच लागतो. शिवाय रडार चालू केलं की आपला पत्ताही उघड होतो, म्हणून अनेकदा ते बंद ठेवूनच शोध घ्यावा लागतो.

दूरवरच्या जहाजाकडे आपण मैलोन्‌मैल हवेतून पाहत असतो. त्या हवेतली वाफ, धूळ, क्षार सूर्यप्रकाश विखुरतात आणि मधे एक फिकट पडदा उभा राहतो. त्यात रंग फिके पडत जातात. शेवटपर्यंत टिकतो तो उजळ-गडदपणातला फरक. म्हणून जहाज कोणत्या रंगाचं आहे यापेक्षा ते क्षितिजाजवळच्या आकाशाइतकं उजळ आहे का, हा प्रश्न मोठा. काळं जहाज त्या आकाशावर डागासारखं उठून दिसतं, पांढरं उन्हात चकाकतं. करडा रंग प्रत्येक वेळी उत्तम ठरतो असं नाही. पण बहुतेक वेळी तो घात करत नाही, आणि नौदलाला तेवढं पुरतं.

हे शहाणपण उशिरा आलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ब्रिटिश युद्धनौका काळ्या, वरचा भाग पांढरा आणि धुरांडी पिवळसर अशा मिरवत. पूर्वेकडच्या उष्ण समुद्रातल्या जहाजांना पांढरा रंग देत, कारण वातानुकूलन नव्हतं आणि आत माणसं भाजून निघत. १९०५ साली त्सुशिमाच्या लढाईत रशियन आरमार काळ्या अंगानं आणि पिवळ्या धुरांड्यांनी जपान्यांसमोर आलं. जपानी जहाजं करडी होती. रशियाच्या पराभवाची कारणं अनेक आहेत, पण नेम धरणाऱ्याला ती पिवळी धुरांडी सोयीचीच झाली. अमेरिकेनं १९०७ ते १९०९ या काळात आपलं पांढरंशुभ्र आरमार जगभर फिरवलं आणि परतल्यावर तेही करडं केलं.

पहिल्या महायुद्धात मात्र वेगळीच कल्पना पुढे आली. १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्या ब्रिटिश जहाजं धडाधड बुडवत होत्या. समुद्रचित्रं काढणारा नॉर्मन विल्किन्सन म्हणाला की, जहाज लपवता येत नसेल तर पाहणाऱ्याला गोंधळात टाकूया. टॉर्पेडो हळू जातो, त्यामुळे नेम जहाजावर धरून भागत नाही. ते थोड्या वेळानं कुठे असेल, तिथे धरावा लागतो. त्यासाठी वेग आणि दिशा अचूक हवी. लंडनच्या रॉयल अकॅडमीत चित्रकारांनी, त्यात कितीतरी स्त्रिया होत्या, जहाजांच्या लहान प्रतिकृतींवर काळे, पांढरे, निळे तिरपे पट्टे रंगवले. प्रतिकृती फिरत्या टेबलावर ठेवायची आणि पेरिस्कोपमधून पाहणाऱ्यानं तिची दिशा सांगायची. जाणकार डोळेही चुकत. हजारो जहाजांवर असे पट्टे चढले. किती जहाजं त्यामुळे वाचली, हे आकड्यांनी सिद्ध झालं नाही. खलाशांचा धीर वाढला, ही नोंद मात्र झाली. रंगांच्या इतिहासातला इतका धाडसी प्रयोग दुसरा नसावा.

पुढे भारताचे शेवटचे व्हाइसरॉय झालेले लॉर्ड माउंटबॅटन १९४० मध्ये विनाशिकांच्या ताफ्याचे प्रमुख होते. ताफ्याबरोबरचं एक फिकट जांभळं प्रवासी जहाज संध्याकाळी इतरांच्या आधी दिसेनासं होतं, हे त्यांनी टिपलं आणि आपल्या विनाशिकांना गुलाबी-करडा रंग दिला. पहाटे आणि सांजवेळी तो उपयोगी पडला. बाकीच्या वेळी त्याचा विशेष फायदा दिसेना.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीजवळ रंगाची मर्यादा स्पष्ट झाली. भारताच्या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी अंधारात रडारवर लक्ष्य हेरून पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडवली. तिच्यावरच्या लोकांना वाटलं, विमानानं हल्ला केला. तिथे कोणताही रंग कामी आला नसता. ‘शक्ती’सारख्या यंत्रणांची गरज अशाच लढाईतून निर्माण झाली.

सगळीच जहाजं लपायला निघालेली नसतात. गोव्यात बांधलेलं ‘तरंगिणी’ हे शिडाचं प्रशिक्षण जहाज पांढरं आहे, सर्वेक्षण जहाजं पांढरी, तटरक्षक दलाचीही पांढरी. मच्छीमाराला मदतीचं जहाज दुरून ओळखू यायला हवं. आणि पाण्याखालच्या तांबूस रंगाचा लपण्याशी संबंधच नाही. शंख-शिंपले आणि शेवाळ तळाला चिकटू नयेत म्हणून त्यात तांब्याचा ऑक्साइड मिसळलेला असतो. तळ खरबरीत झाला की वेग घटतो आणि इंधन जास्त जळतं. कोरड्या गोदीत जहाज घेतलं की तळाचा हा तांबूस पट्टा, पाण्याच्या रेषेवरचा काळा आणि वरचा करडा, तिन्ही एकाच नजरेत दिसतात. अंबरनाथची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा अशा लेपांवर आणि गंज रोखण्यावर वर्षानुवर्षं काम करते आहे.

डिसेंबरात नौदल दिनाच्या सुमारास मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर युद्धनौका नांगरलेल्या असतात. त्या दोनदा पाहा. सकाळी सूर्य त्यांच्या मागे असतो, तेव्हा करडं जहाजही काळंच दिसतं. दुपारनंतर ऊन आपल्या पाठीमागून त्यांच्यावर पडतं आणि तेच जहाज धुरकट आकाशात मिसळायला लागतं. नौदलानं हा रंग का निवडला, ते तिथे उभं राहूनच नीट कळतं.