अक्षरांची पुंजी

१९२९ साली अमेरिकेतील शेअर बाजार कोसळला आणि पाठोपाठ बांधकामाचा धंदाही बसला. न्यूयॉर्कचे वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांची नोकरी त्या मंदीत गेली. हाताला काम नाही, वेळ मात्र मुबलक. अशा दिवसांत त्यांनी शब्दांचा एक खेळ रचावयास घेतला. इंग्रजीत कोणते अक्षर किती वेळा लागते, हे त्यांनी केवळ अंदाजाने ठरविले नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकाच्या पहिल्या पानावरील अक्षरे त्यांनी मोजून काढली. जे मुबलक त्याचे मोल कमी, जे दुर्मिळ त्याचे मोल अधिक, हा बाजाराचा नियम त्यांनी खेळाला लावला. खेळ विकणाऱ्या कंपन्यांनी तो नाकारला. अखेर १९४८ साली जेम्स ब्रुनो यांनी त्याला ‘स्क्रॅबल’ हे नाव दिले आणि पुढे तो घरोघरी पोहोचला.

व्यापारी घराण्यातील वाचकाला या खेळाचा हिशेब सहज उमजेल. एकूण सोंगट्या १००; त्यांपैकी २ कोऱ्या, कोणत्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या. ‘ई’ या अक्षराच्या १२ सोंगट्या आणि गुण केवळ १. ‘क्यू’ आणि ‘झेड’ यांची मात्र एकेकच सोंगटी व गुण प्रत्येकी १०. शेवटी ‘एस’ जोडला की बहुतेक नामांचे अनेकवचन होते; ही सवलत फार स्वस्त होऊ नये म्हणून ‘एस’च्या सोंगट्या चारच ठेवल्या आहेत. प्रत्येक खेळाडूच्या हाती एका वेळी ७ अक्षरे असतात. तीच त्याची पुंजी. ती अडकवून ठेवायची की वेळीच फिरवायची, याचा निर्णय त्याने घ्यावयाचा.

हाती असलेल्या अक्षरांतून शब्द शोधावा कसा, हा खरा प्रश्न. सात निराळी अक्षरे ५,०४० प्रकारे मांडता येतात. प्रत्येक मांडणीला एक सेकंद दिला तरी ८४ मिनिटे लागतील. स्पर्धेत तर संपूर्ण डावासाठी एका खेळाडूला साधारणतः २५ मिनिटे मिळतात. म्हणून जाणते खेळाडू सगळ्या मांडण्या तपासत बसत नाहीत. ते आधी ओळखीचे तुकडे बाजूला काढतात. शब्दाच्या शेवटी येणारे ‘आय-एन-जी’, ‘ई-डी’, ‘ई-आर’ किंवा आरंभी येणारे ‘आर-ई’, ‘यू-एन’ वेगळे केले की उरलेल्या चार-पाच अक्षरांचे कोडे सोपे होते.

दुसरी रीत म्हणजे अक्षरे वर्णक्रमाने लावून पाहणे. ‘ए, ई, आय, एन, आर, एस, टी’ ही सात अक्षरे एकत्र आली की अनुभवी खेळाडूला त्यांत ‘रिटेन्स’, ‘नॅस्टियर’, ‘रेटिनाज’ असे अनेक शब्द दिसू लागतात. सातही अक्षरे एकाच खेपेस लागली तर ५० गुण अधिक मिळतात. तिसरी रीत दोन अक्षरी शब्दांची. मान्य यादीत असे शंभराहून अधिक शब्द आहेत. ते पाठ असले की आधीच्या शब्दाला लागून दुसरा शब्द समांतर मांडता येतो आणि आडवे-उभे दोन्ही गुण जमा होतात.

‘क्यू’ची सोंगटी आली आणि ‘यू’ नसला की नवखे खेळाडू हवालदिल होतात. अशा वेळी इंग्रजीने बाहेरून घेतलेले शब्द कामी येतात. चिनी परंपरेतील प्राणशक्तीचा ‘ची’ हा शब्द ‘क्यू’ आणि ‘आय’ या दोन अक्षरांत लिहिला जातो. ‘फकीर’ हा शब्दही ‘क्यू’ने लिहिता येतो. आपल्याकडचे घी, दाल, रोटी, लाख हे शब्दही मान्य यादीत आहेत. कर्म, अहिंसा आणि निर्वाणसुद्धा आहेत. गंमत अशी की इंग्रजी अक्षरांनुसार ‘लाख’चे गुण ११, ‘कर्मा’चे ११ आणि ‘अहिंसा’चेही ११. पटावर तिन्ही शब्दांचे वजन सारखेच. अक्षर मोजणाऱ्या खेळाला अर्थाशी कर्तव्य नाही.

हे किती खरे आहे, याचा दाखला न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी दिला. फ्रेंच भाषा बोलता येत नसताना केवळ शब्दांची यादी पाठ करून त्यांनी २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक विजेतेपद मिळविले. स्मरणशक्तीचा हा पराक्रम असामान्य आहे. परंतु त्या भाषेत संवाद साधण्याचे सामर्थ्य त्यातून आले नाही.

जैन समाजाला अशा स्मरणशक्तीचे नवल नवे नाही. श्रीमद् राजचंद्र यांनी १८८७ साली मुंबईत शतावधानाचे प्रयोग करून दाखविले, तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. १८९१ साली विलायतेहून परतलेल्या गांधीजींनी, आपल्याला ठाऊक असलेल्या युरोपीय भाषांतील शब्द त्यांच्यापुढे मांडले आणि राजचंद्रांनी ते त्याच क्रमाने परत सांगितले. गांधीजींना त्या शक्तीचे कौतुक वाटले. मात्र ते प्रभावित झाले ते राजचंद्रांच्या शास्त्रज्ञानाने, निर्मळ चारित्र्याने आणि आत्मदर्शनाच्या तळमळीने. राजचंद्रांनी स्वतःही अवधानाचे जाहीर प्रयोग पुढे सोडून दिले, कारण ती कीर्ती साधनेच्या आड येत होती. जवाहिराचा व्यापार सांभाळणाऱ्या या सत्पुरुषाने पाठांतर आणि बोध यांची खाती वेगळी ठेवली होती.

आज बहुतेक घरांतील मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. अक्षरांचा खेळ त्यांचे शुद्धलेखन सुधारतो, गुणांच्या बेरजेने तोंडी हिशेब पक्का करतो. मात्र अर्थाविना साठविलेले शब्द हे न वठलेल्या हुंडीसारखे असतात. वहीत दिसतात, व्यवहारात उपयोगी पडत नाहीत. म्हणून घरी खेळताना एक नियम जादा असावा. जो शब्द मांडील, त्याने त्याचा अर्थ मराठीत सांगावा. न सांगता आल्यास निम्मेच गुण घ्यावेत आणि शब्दकोश उघडून अर्थ वहीत टिपावा.

चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते आणि संध्याकाळ मोठी वाटते. प्रतिक्रमणानंतरचा अर्धा तास या खेळाला पुरेसा आहे. इंग्रजी न शिकलेल्या आजीलाही त्यात स्थान आहे. नातवाने ‘अहिंसा’ची इंग्रजी अक्षरे जुळवावीत आणि ११ गुण वहीत मांडावेत, त्या शब्दाचा अर्थ आजीला विचारावा.