अवर्षणात तगणारे मूळ : खोलीबरोबर काटकसरही हवी

अवर्षणात एखादे पीक तगले, की त्याचे श्रेय सहसा खोल मुळांना दिले जाते. ते योग्य असले तरी अपुरे आहे. मूळ किती खोल जाते याबरोबरच ते कोणत्या कोनात वाढते, पाणी किती वेगाने वर पोहोचवते आणि ते पाणी हंगामाच्या कोणत्या टप्प्यावर खर्च होते, यांवर दाणे भरणार की नाही हे ठरते.

जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर घेतला जाणारा कोरडवाहू हरभरा पाहा. पेरणीनंतर पाऊस बहुधा होत नाही. वरचा थर आधी सुकतो आणि घाटे भरण्याच्या वेळी ओल खालच्या थरातच उरते. आयसीसी ४९५८ हा हरभऱ्याचा वाण त्याच्या जोमदार मूळसंभारासाठी ओळखला जातो. त्यातील अवर्षण सहनशीलतेशी निगडित ‘क्यूटीएल-हॉटस्पॉट’ हा जनुकीय खंड पुसा ३७२ या वाणात आणून ‘पुसा चिकपी १०२१६’ विकसित करण्यात आला. मध्य भारतासाठी तो २०१९ मध्ये प्रसारित झाला.

तथापि, इक्रिसॅटमधील हरभऱ्यावरील प्रयोगांनी (२०११) या चित्राची दुसरी बाजू दाखवली. सहनशील वाण शाखीय वाढीच्या काळात पाणी कमी वापरत होते. म्हणून फुलोरा व घाटे भरताना त्यांच्यासाठी ओल शिल्लक राहत होती. मुळे भरपूर असली, पण झाडाने सारी ओल सुरुवातीलाच संपवली, तर पाला भरघोस येतो आणि घाटे पोचट राहतात.

ही काटकसर मुळाच्या रचनेतही असू शकते. ऑस्ट्रेलियात साठलेल्या ओलाव्यावरील गव्हासाठी बीजमुळांतील मुख्य जलवाहिनीचा व्यास ६५ मायक्रॉनवरून ५५ मायक्रॉनपेक्षा कमी करण्याच्या दृष्टीने निवड करण्यात आली. नळीतील प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो. त्यामुळे व्यास सुमारे १५ टक्क्यांनी घटला, तरी त्याच दाबाखाली प्रवाह जवळजवळ निम्मा होतो. वेळेवर मिळालेल्या थोड्या पाण्याचे मोलही मोठे असते. ऑस्ट्रेलियातीलच २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुलोऱ्यानंतर १.३५ ते १.८५ मीटर खोलीवरून गव्हाने घेतलेल्या जादा १०.५ मिलिमीटर पाण्याने हेक्टरी ०.६२ टन अधिक उत्पादन दिले.

मुळाचा कोन हाही असाच निर्णायक गुण आहे. आयआर ६४ या भाताची मुळे उथळ पसरतात. फिलिपिन्समधील किनान्दांग पातोंग या वरकस भातातील ‘डीआरओ१’ जनुकामुळे ती अधिक उभी वाढतात. हा जनुक आयआर ६४ मध्ये आणल्यावर पाण्याच्या ताणाखाली त्याचे उत्पादन टिकून राहिले, असे जपानी शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवले. परंतु प्रत्येक शेतात उभे मूळ लाभाचेच असते असे नाही. स्फुरद प्रामुख्याने वरच्या थरात असते आणि जमिनीत फारसे हलत नाही. ते मिळवण्यासाठी उथळ मुळे व दाट मूलरोम अधिक उपयोगी पडतात.

म्हणून वाणाची निवड जमिनीच्या खोलीपासून सुरू व्हावी. खोल काळ्या जमिनीत खालच्या थरापर्यंत ओल असेल, तर खोल मुळांचा वाण ती वर आणू शकतो. मुरमाड, उथळ जमिनीत खाली ओलच नसते. तेथे लवकर पक्व होऊन अवर्षणापूर्वी निघणारा वाण अधिक भरवशाचा. पावसाच्या दोन सरींमध्ये थोडा खंड पडणाऱ्या भागात मात्र वरच्या थरातील ओल त्वरित टिपणारी मुळेही लागतात.

विस्तार कार्यकर्त्यांनी फुलोऱ्याच्या सुमारास शेतकऱ्यांसमवेत एक साधी पाहणी करावी. ओळीलगत साधारण हातभर खोल खड्डा घ्यावा. झाड उपटू नये, कारण बारीक मुळे तुटतात. मुळे एखाद्या ठिकाणी एकाएकी आडवी वळली असतील, तर तेथे नांगराच्या तासाखालचा कठीण थर असण्याची शक्यता आहे. अशा शेतात खोल मुळांच्या वाणाचा गुण प्रकट होऊ शकत नाही. आधी तो थर फोडणे आवश्यक आहे. त्याच खड्ड्यात प्रत्येक थरातील माती मुठीत दाबून पाहावी. खाली ओल असूनही मुळे तेथवर पोहोचली नसतील, तर अडथळा मुळांच्या वाटेत आहे. मुळे पोहोचली असून ओलच संपली असेल, तर पुढील हंगामात रोपांची संख्या, पेरणीची वेळ आणि वाणाचा कालावधी यांचा फेरविचार करावा.