ओझं सायकलवर, खांद्यावर नाही

‘सायकलवर चार दिवस फिरायचं? बाईला एवढं सामान झेपेल का?’ असं आम्हाला विचारतात. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ मध्ये, ऐन विशीत, सायकलवरून सुमारे २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा केली. आपल्याला तर चाळीसगावहून पाटणादेवी, फार तर कन्नड घाट चढून वेरूळ गाठायचंय. ओझं आपण रोजच वाहतो, ते फक्त नीट बांधायचं.

दूधवाल्याची सायकल आठवा. कॅन दोन्ही बाजूंना, खाली लटकवलेले. वजन खाली आणि दोन्हीकडे सारखं असलं की सायकल डोलत नाही. उंच गाठोडं वळणावर आपल्यालाच ओढतं. म्हणून कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना थैल्या लावा. शिधा, भांडी, पाने तळाशी ठेवा. तंबू आणि अंथरूण वर आडवं बांधा. पाठीवर जड सॅक नको, खांदे आणि कंबर भरून येते.

दोरी सैल पडते, जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली की घट्ट धरते. पट्टीचं टोक, थैलीचा बंद, ओढणी चाकात जाऊ देऊ नका.

भरलेली सायकल उतारावर लवकर थांबत नाही. ब्रेक आधी तपासा आणि घाटात वेग सुरुवातीपासूनच आवरा.

पाटणादेवी अभयारण्यात आहे, मुक्कामाआधी वनखात्याला विचारा. आणि निघण्याआधी सगळं सामान लादून गावातच चार-पाच किलोमीटर चालवून बघा. हलेल ते पुन्हा बांधा, ज्याच्यावाचून अडणार नाही ते घरीच ठेवा.