पोरगा पुढे जाईल का?

नंदाखालच्या आमच्या एका शेजाऱ्यांनी परवा मला वाडीच्या बांधावर गाठले. गृहस्थ केळीचे आणि फुलांचे बागाईतदार. मुलगा चौदा वर्षांचा, शाळेच्या संघात सलामीला खेळतो. एका सामन्यात त्याने १४० धावा काढल्या आणि आमच्या आळीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. "सर, तुम्ही वाचता-बिचता," ते म्हणाले, "खरं काय ते सांगा. पोरगा पुढे जाईल का? जाईल म्हणाल तर वाडीचा एक तुकडा विकतो आणि त्याला मुंबईला ठेवतो."

आता वाडीचा तुकडा म्हणजे काय, हे वसईकराला मी सांगायला नको. एकदा गेला की त्याच्यावर इमारत उभी राहते. तेव्हा उत्तर हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जे मनाशी जुळवले तेच तुमच्यापुढे ठेवतो, कारण असा एखादा बाप तुमच्याही गावात असेल, आणि गुरुजी, तो पहिल्यांदा तुमच्याकडेच येणार आहे.

आमच्याकडे या आशेला एक नाव आहे. पृथ्वी शॉ हा शेजारच्या विरारचा मुलगा. पहाटेच्या लोकलने वडिलांबरोबर मुंबईला जायचे आणि दिवसभर खेळून परतायचे, हा त्याचा लहानपणीचा क्रम. नोव्हेंबर २०१३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, हॅरिस ढालीच्या सामन्यात त्याने ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. २०१८ च्या फेब्रुवारीत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकला. त्याच ऑक्टोबरात राजकोटला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत त्याने १३४ धावा काढल्या. पदार्पणात शतक काढणारा तो सर्वांत लहान भारतीय ठरला. एवढे झाल्यावर कोणता बाप शांत झोपेल?

पण पुढचे पानही वाचले पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडच्या कसोटीत तो ० आणि ४ धावांवर बाद झाला. दोन्ही वेळा त्रिफळा. पहिल्या डावात मिचेल स्टार्कच्या दुसऱ्याच चेंडूवर, दुसऱ्या डावात पॅट कमिन्सच्या. बॅट आणि पॅड यांच्यामधून चेंडू आत शिरला. ती त्याची पाचवी कसोटी. त्यानंतर २०२५ अखेरपर्यंत त्याला सहावी मिळाली नाही. मग त्याची ताकद संपली होती म्हणावे, तर जानेवारी २०२३ मध्ये त्याच पठ्ठ्याने रणजी सामन्यात आसामविरुद्ध ३७९ धावा ठोकल्या. धावा खोट्या नव्हत्या. फट तीच होती. शाळेच्या मैदानावर तिच्यातून चेंडू नेणारा गोलंदाज भेटत नव्हता, ॲडलेडला भेटला. म्हणून कोणी धावांचा आकडा सांगितला की माझा पहिला प्रश्न असतो: समोर कोण होते?

ही परीक्षा करण्याचा धंदा अमेरिकेत फार मोठा आहे, तेव्हा थोडे तिकडे वळू. तिथे फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन तो खेळतात. संघाची सारी मदार क्वार्टरबॅक नावाच्या एका गड्यावर. चेंडू हातात आला की दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचे, कोणत्या साथीदाराकडे फेकायचा. आणि तेवढ्यात समोरून सव्वाशे किलोचे गडी त्याला लोळवायला धावत असतात. दरवर्षी कॉलेजांतली पोरे निवडण्यासाठी ३२ व्यावसायिक संघ आळीपाळीने बसतात. आदल्या हंगामात जो तळाला, त्याचा मान पहिला. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी मुलांची उंची, वजन, धाव, इतकेच काय, हाताच्या पंजाची लांबीसुद्धा मोजतात.

एवढे करून २००० साली टॉम ब्रेडी नावाच्या मुलाला १९९ वा क्रमांक मिळाला. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक उचलले गेले होते. अंगाने किरकोळ, धावायला मंद, असा शेरा होता. त्याने पुढे सात वेळा सुपर बोल जिंकला, तेवढे सुपर बोल तिथल्या कोणत्याही एका संघानेदेखील जिंकलेले नाहीत. उलट २००७ साली जमार्कस रसेल याला अगदी पहिल्या क्रमांकाने घेतले. धिप्पाड अंग, तोफेसारखा हात. तीन हंगामांत संघाने त्याला मोकळे केले. चेंडू किती लांब गेला हे टेप लावून मोजता येते. तो कोणाकडे जायला हवा हे त्या गर्दीत पोराला सुचते की नाही, याला टेप लागत नाही. त्यासाठी माणसाने बसून सामन्यामागून सामने पाहावे लागतात, आणि तेवढा दम थोड्यांना असतो.

आता पुन्हा आपल्या रेल्वेवर येऊ. विरारच्या पुढे पालघर. तिथला शार्दूल ठाकूर लोकलने मुंबई गाठत असे. पुढे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत आणले आणि स्वतःच्या घरी ठेवून घेतले. हॅरिस ढालीत त्याने एका षटकात सहा षटकार मारले होते. पण मुंबईच्या रणजी संघात तो गोलंदाज म्हणून आला आणि २०१२-१३ मधल्या पहिल्या चार सामन्यांत त्याची सरासरी पडली ८२! म्हणजे एका बळीमागे ८२ धावा दिल्या. त्या दिवशी कोणी हिशेबाची वही मिटली असती तर त्याला दोष देता आला नसता. निवडणाऱ्यांनी मिटली नाही. २०१४-१५ च्या रणजी हंगामात त्याच शार्दूलने ४८ बळी घेतले, तेही सरासरी २१ च्या आत. २०१८ च्या ऑक्टोबरात, पृथ्वीनंतर आठवडाभराने, त्याची पहिली कसोटी झाली. दहा चेंडू टाकले आणि स्नायू दुखावून बाहेर बसला. दुसरी मिळाली जानेवारी २०२१ मध्ये, ब्रिस्बेनला. तिथे पहिल्या डावात ६७ धावा आणि सामन्यात सात बळी.

चार सामन्यांवरून शार्दूल टाकाऊ ठरत होता. एका डावावरून आमच्या आळीतला पोरगा हिरा ठरतो आहे. दोन्हीकडे चूक एकच, मोजणी थोडी आणि निकाल मोठा.

लिलावाचीही गोष्ट सांगतो, कारण हल्ली पोरे भावावरूनच खेळाडू ओळखतात. जानेवारी २०१८ मध्ये दिल्लीच्या संघाने पृथ्वीला १ कोटी २० लाखांना घेतले. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाला लिलाव झाला, त्यात पृथ्वीही विकला गेला नाही आणि शार्दूलही नाही. आमच्या जिल्ह्यातले दोघेही त्या दिवशी रिकाम्या हाताने राहिले. पुढे मार्च २०२५ मध्ये लखनौच्या संघातला एक गोलंदाज जायबंदी झाला, म्हणून शार्दूलला बोलावणे आले आणि दुसऱ्याच सामन्यात त्याने चार बळी घेतले. पृथ्वी मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळू लागला, द्विशतक काढले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीनेच त्याला ७५ लाख या मूळ किमतीत परत घेतले. आगाशीच्या बाजारात सणाआधी फुलांचा भाव काय असतो आणि सण उलटल्यावर काय, ते ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटू नये.

शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. वयोगटाच्या क्रिकेटमध्ये आपल्याकडे १ सप्टेंबर ही तारीख धरतात. म्हणजे एकाच गटात सप्टेंबरात जन्मलेला मुलगा आणि पुढच्या ऑगस्टात जन्मलेला मुलगा एकत्र खेळतात. दोघांत जवळजवळ वर्षाचे अंतर! चौदाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे चार बोटे उंची आणि मनगटात जास्त जोर. थोरल्याचा फटका सीमेपार जातो, धाकट्याचा झेल होतो. आपण थोरल्याला निवडतो, त्यालाच सराव, त्यालाच चांगली बॅट, आणि दोन वर्षांनी म्हणतो, पाहा, आमची पारख कशी खरी ठरली! कॅनडातल्या हॉकीपटूंच्या जन्मतारखा अभ्यासकांनी १९८० च्या दशकात तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची अशीच गर्दी आढळली होती. तेव्हा हजेरीपटावर नावापुढे जन्ममहिना असतोच; संघ निवडताना त्याच्याकडे एकदा नजर टाका.

केळी लावणाऱ्याला हे निराळ्या तऱ्हेने माहीत असते. बुंध्याशी फुटलेल्या मुनव्यांत रुंद पानांचा, टवटवीत दिसणारा एक असतो आणि तलवारीसारख्या अरुंद पानांचा एक. नवखा माणूस पहिला उचलतो. जाणता दुसरा काढतो, कारण त्याचा कंद मातृझाडाला धरून पोसलेला असतो.

आठ दिवसांनी मी शेजाऱ्यांकडे गेलो ते कोरी वही घेऊन. म्हटले, "उत्तर माझ्याकडे नाही, पण प्रश्न थोडा लहान करू. पोराचे मागचे दहा डाव आठवा. धावा राहू द्या. बाद कसा झाला, कोणी केला, तो गोलंदाज कितवीतला, एवढेच लिहा. त्याचा जन्म कोणत्या महिन्यातला तेही वर टाका." बाप-लेक पडवीत बसले. पोराला सगळे तोंडपाठ होते. जन्म सप्टेंबरातला निघाला. दहांपैकी सहा वेळा त्रिफळा, त्यांतले चार आत येणाऱ्या चेंडूवर, आणि चारही गोलंदाज अकरावी-बारावीचे. १४० धावा ज्यांच्याविरुद्ध निघाल्या ते सगळे आठवीचे होते.

शेजारी बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग पोराला म्हणाले, "उद्यापासून पहाटे तासभर, विहिरीमागच्या मोकळ्या जागेत. तुझा मोठा भाऊ आत येणारा टाकेल." वाडीच्या तुकड्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारले नाही. वहीची पुढची दहा पाने पोराने रेघा मारून ठेवली आहेत.