सहा टायरांची गाडी चार टायरांवर

मालवाहू गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलवर प्रत्येक बाजूला दोन-दोन टायर असले, की त्यांना लेखी भाषेत जोडचाके आणि गॅरेजात ‘डबल टायर’ म्हणतात. अशा गाडीला मागे दोन्ही बाजूंस एकेकच चाक ठेवणे हे वरवर पाहता दोन टायर उतरवून बाजूला ठेवण्याइतके सोपे काम वाटते. प्रत्यक्षात टायरांची संख्या हा या बदलाचा सर्वांत किरकोळ भाग असतो. गाडीचे आणि मालाचे वजन जमिनीवर जाताना हबच्या नेमक्या कोणत्या जागेतून जाते, ही या कामातली खरी बाब असून, ती जागा काही सेंटिमीटरांनी जरी सरकली तरी बेअरिंग, बोल्ट, पाटे, ब्रेक आणि शेवटी परिवहन कार्यालयातली नोंद, या सगळ्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

हुबळी-धारवाड या जोडशहरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही, कारण येथे दोन प्रकारची वाहतूक एकमेकींत मिसळते. पुणे-बंगळूर महामार्ग, विजापूरकडून येऊन यल्लापूरमार्गे अरबैल घाट उतरणारा अंकोल्याचा रस्ता आणि गदगकडे जाणारा रस्ता येथे एकत्र येतात. शिवाय पूर्वेला नवलगुंद-नरगुंदची काळी जमीन आणि पश्चिमेला कलघटगी-अळणावरकडचा मलनाडाचा ओलसर पट्टा, अशा दोन अगदी भिन्न भूमी तासा-दोन तासांच्या अंतरावर आहेत. अमरगोळच्या बाजार समितीत येणाऱ्या लहान मालगाड्यांत या दोन्हींच्या गरजा दिसतात. १९८६ साली बाजारात आलेली टाटा ४०७ ही सहा टायरांची गाडी असून, तिच्या नावातला चार हा आकडा साधारण चार टन एकूण वजनाचा आणि सात हा सत्तर अश्वशक्तीचा निदर्शक आहे. त्या काळी जपानी कंपन्यांच्या सहकार्याने भारतात बनू लागलेल्या हलक्या ट्रकांच्या स्पर्धेत पुण्यात घडलेली ही गाडी टिकली आणि वाढली. तिच्या शेजारीच बोलेरो पिकअप, टाटा योद्धा यांसारख्या चार टायरांच्या गाड्या उभ्या असतात. सहावाल्याने चारवाल्याकडे पाहून टायरखर्चाची तुलना करावी, हे ओघानेच आले.

गोकुळ रोडच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास किंवा महामार्गालगत टायरचे काम करणाऱ्या गॅरेजांत जोडचाक उघडण्याचे काम पाहिले, तर त्याचा क्रम ठरलेला दिसतो. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळ्यांची ओट दिली जाते. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नटांची पहिली पकड सोडवली जाते, कारण हवेत उचललेले चाक पान्याबरोबरच फिरू लागते. मग पाटे जेथे अ‍ॅक्सलवर बसतात त्या जागेलगत जॅक लावून गाडी उचलली जाते आणि तिचे वजन लोखंडी घोडीवर सोपवले जाते. बाहेरचे चाक निघाले की आतल्या चाकाची जी बाजू एरवी कोणाच्या नजरेस पडत नाही ती समोर येते, आणि तेथे बहुधा दुर्लक्षाचा सगळा इतिहास साचलेला असतो: दोन टायरांच्या फटीत अडकून बाजूच्या भिंतीला घासत राहिलेले खडे, पावसाळ्यात शिरून उन्हाळ्यात विटेसारखी कडक झालेली काळी माती, झाकण हरवलेला व्हॉल्व्ह. आतल्या टायरची हवा तपासायला हात पोचत नाही, म्हणून चालक टॉमीने टायरवर ठोका मारून आवाजावरून अंदाज घेतात. पण हवा निम्मी उतरलेला टायर आणि पूर्ण भरलेला टायर यांच्या आवाजातला फरक जितका खात्रीने सांगितला जातो तितका तो खात्रीचा नसतो. हवा कमी झालेल्या टायरचे ओझे शेजारचा निमूटपणे उचलतो आणि तापतो. जोडीतल्या दोन टायरांच्या झिजेत फरक असेल, म्हणजे एक नवा आणि दुसरा बराच झिजलेला किंवा रिमोल्ड केलेला असेल, तर दोघांचा घेर वेगळा पडतो. एकाच हबला बांधलेले असल्यामुळे त्यांना सारख्याच फेऱ्या घ्याव्या लागतात आणि लहान घेराचा टायर सतत थोडा घसटत जातो. जोडचाकांविरुद्धची मालकांची तक्रार मुख्यतः या देखभालीची असते आणि ती रास्त आहे.

आता रिमची रचना पाहावी लागते. रिमच्या मधोमध जी पोलादी प्लेट हबवर बसते ती सहा टायरांच्या गाडीत रिमच्या मध्यावर नसून एका कडेकडे सरकवलेली असते. रिमचा मध्य आणि प्लेटचा हबवर टेकणारा पृष्ठभाग यांच्यातल्या या अंतराला ऑफसेट म्हणतात. आतले चाक प्लेट बाहेर करून आणि बाहेरचे चाक प्लेट आत करून बसवले, की दोन प्लेटा पाठीला पाठ लावून हबवर येतात आणि दोन टायरांत पुरेशी फट राहते. भाराखाली टायर फुगून एकमेकांना घासू नयेत यासाठी ती फट अत्यावश्यक असते. पुढेही तेच रिम प्लेट बाहेर करून बसते, म्हणून अशा गाडीची पुढची चाके मध्यभागी बाहेर आलेली व मागची खोलगट दिसतात आणि एकच स्टेपनी सहाही जागी चालते. या मांडणीत दोन टायरांवरचा एकत्रित भार दोघांच्या बरोबर मधून, म्हणजे जवळपास प्लेटांच्या सांध्यातूनच, हबवर येतो, आणि हबमधली दोन निमुळती रोलर बेअरिंगे या भाररेषेला धरूनच योजलेली असतात. ४०७ सारख्या गाडीत वजन पेलण्याचे काम अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या नळीवर बसलेला हब करतो आणि आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो. त्यामुळे हबच्या बेअरिंगांवर जे येईल ते दुसरे कोणी वाटून घेत नाही.

या मांडणीतले एक चाक नुसते काढले तर काय होते, ते यावरून कळते. बाहेरचे काढले तर उरलेला टायर गाडीखाली दहा सेंटिमीटरहून अधिक आत राहतो, मागच्या चाकांतले अंतर कमी होते आणि उंच भरलेला हौदा वळणावर कलू लागतो. अरबैल घाटासारख्या उतारावर ही गोष्ट परीक्षा पाहणारी ठरेल. आतले काढून बाहेरचे ठेवले तर पाया रुंद राहतो खरा, पण भाररेषा तितकीच बाहेर सरकते, आणि भरलेली बादली अंगाशी धरण्याऐवजी हात लांब करून धरल्यावर खांद्यावर जो ताण येतो त्याच जातीचा ताण बेअरिंगांवर आणि नळीच्या टोकावर येतो. म्हणून जाणता कारागीर या दोन्ही सोप्या वाटा सोडून तिसरी धरतो: प्लेट जवळपास मध्यावर असलेले, म्हणजे शून्याच्या आसपास ऑफसेटचे, वेगळे रिम बसवणे, जेणेकरून एकटा टायर पूर्वीच्या जोडीच्या मधल्या जागी येईल आणि भाररेषा हलणार नाही. मात्र असे रिम ब्रेकच्या ड्रमला घासत नाही ना, त्याच्या बोल्टांची भोके आणि मधले छिद्र हबशी तंतोतंत जुळतात ना, आणि मागचा टायर पुढच्या टायरच्या ओळीत येतो की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही. भोके जुळत नाहीत म्हणून मध्ये जाड चकती घालण्याचा किंवा लेथवर भोके वाढवून घेण्याचा उपाय सुचवणारे सर्वत्र भेटतात. भोक वाढवलेले रिम रस्त्यावर आणणे हे धाडस नव्हे, निव्वळ अविचार आहे. याहून नीट, पण महाग, मार्ग म्हणजे मुळातच एकेरी चाकांसाठी बनलेला अख्खा मागचा अ‍ॅक्सल बसवणे. त्यात मग डिफरन्शियलचे प्रमाण, पाट्यांमधले अंतर आणि प्रॉपेलर शाफ्टची लांबी हे तीन नवे प्रश्न दाराशी येतात.

बोल्टांचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, म्हणूनच त्यावर थांबायला हवे. जेथे एकाच बोल्टावर दोन प्लेटा मिळून दाबल्या जातात, तेथे एक प्लेट निघाली की नटाला तिच्या जाडीइतके आणखी आत जावे लागते. बोल्टावरचे आटे तेवढे आतपर्यंत कापलेले नसतील तर नट आट्यांच्या शेवटी जाऊन अडतो, पान्याला तो घट्ट लागल्याचा भास होतो, आणि प्लेटवर मात्र हवा तेवढा दाब बसत नाही. असे चाक काही अंतर चालते, मग भोके लांबट होऊ लागतात, आणि त्याचे पहिले लक्षण नटाभोवती उमटणारी गंजाची लालसर रेघ हे असते. योग्य लांबीचे बोल्ट बसवणे आणि थोडे अंतर चालवून झाल्यावर सगळे नट पुन्हा ताणणे, हे दोन्ही करणारा कारागीर गॅरेजच्या पाटीवरून ओळखता येत नाही. त्याच्या कामाच्या क्रमावरून येतो.

वजनाचा हिशेब टायरच्या भिंतीवरच लिहिलेला असतो. ४०७ च्या वर्गातल्या गाड्यांना लागणाऱ्या ७.५० आर १६ मापाच्या एखाद्या टायरवर १२२/११८ असा आकडा असेल, तर त्याचा अर्थ एकटा असताना तो १५०० किलो आणि जोडीत असताना १३२० किलो पेलू शकतो. जोडीत प्रत्येकाची क्षमता कमी धरण्याचे कारण वर आलेच आहे: हवा, झीज आणि रस्त्याचा कल यांमुळे दोघांत भार कधीच समान वाटला जात नाही. म्हणजे चार टायरांवर ५२८० किलो पेलणारा अ‍ॅक्सल तेच दोन टायर ठेवल्यावर ३००० किलोंवर येतो. त्यातून अ‍ॅक्सलचे, हौद्याचे आणि पाट्यांचे स्वतःचे वजन वजा केल्यावर मालासाठी जे उरते ते ऐकून बहुतेक मालकांचा उत्साह तेथेच ओसरतो. पाटे मात्र जुन्याच भारासाठी बांधलेले असल्यामुळे रिकामी गाडी उडू लागते, आणि मग पाटेवाल्याकडून हेल्पर पाटे उतरवून घेण्याची वेळ येते. ब्रेकचेही तसेच: ड्रमची ताकद पूर्वीइतकीच, जमिनीला धरणारे रबर निम्मे, त्यामुळे ओल्या रस्त्यावर मागची चाके लवकर जाम होतात.

तरीही एकेरी चाकाचा एक गुण खरा आहे आणि तो काळ्या जमिनीत दिसतो. पुढे एक आणि मागे दोन टायर असले की पुढच्याने पाडलेल्या चाकोरीत मागची जोडी मावत नाही. तिला चिखलातून स्वतःची नवी वाट कापावी लागते, आणि दोन टायरांमधली फट मातीने भरली की दोन्ही मिळून एकच गुळगुळीत रूळ तयार होतो. मागचा एकेरी टायर पुढच्याच्या चाकोरीतून चालतो. दुर्गम भागासाठी बनणाऱ्या अनेक लष्करी ट्रकांना मागे मोठी एकेरी चाके असतात ती याच कारणाने. मात्र ती गाडी मुळापासून तशी आखलेली असते. अमेरिकेत, जेथे १९७३ पासून शेवरोलेने जोडचाकी पिकअप कारखान्यातूनच विकायला सुरुवात केली, तेथे हा बदल करून घेणारे बरेच लोक आहेत, आणि त्यांच्यापुढे एक वेगळीच अडचण असते: त्या गाड्यांच्या मागच्या मडगार्डांना जोडचाकांसाठी बाहेर फुगवटा दिलेला असतो, म्हणून चाके एकेरी केली की हौदाही बदलावा लागतो. आपल्याकडच्या ४०७ चा सपाट हौदा चाकांच्या वरून जातो, त्यामुळे हा एक खर्च तरी वाचतो.

वाचत नाही तो कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि मालवाहू गाडीच्या नोंदणीत प्रत्येक अ‍ॅक्सलवरील टायरांची संख्या व माप हे तपशील असतात. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. रंग किंवा किरकोळ जोडणी चालेल, मूळ रचनेतला फेरफार चालणार नाही, असा त्याचा रोख होता. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. कायदाही टायर मोजूनच भार ठरवतो: २०१८ च्या अधिसूचनेने दोन टायरांच्या अ‍ॅक्सलला जास्तीत जास्त ७.५ टन आणि चार टायरांच्या अ‍ॅक्सलला ११.५ टन अशी मर्यादा घातली. या मर्यादा मोठ्या ट्रकांसाठीच्या असल्या आणि लहान गाडीला उत्पादकाने दिलेली मर्यादा त्यांच्या पुष्कळ खाली असली, तरी त्यामागचा विचार तोच आहे. केए-२५ किंवा केए-६३ क्रमांकाची, आठ वर्षांपेक्षा जुनी मालगाडी दरवर्षी योग्यता प्रमाणपत्रासाठी तपासणीला जाते, तेव्हा मागे चारऐवजी दोन टायर असणे ही लपवता येण्याजोगी गोष्ट नसते.

त्यामुळे या भागात हा बदल पान्याने कमी आणि व्यवहाराने जास्त होतो. शेताच्या बांधापर्यंत जाऊन मिरची किंवा कापूस उचलणारा मालक सहा टायरांची जुनी गाडी विकतो आणि कारखान्यातूनच एकेरी चाकांनी निघालेली पिकअप घेतो. त्याची जुनी गाडी विटा, खडी किंवा सिमेंट वाहणाऱ्याकडे जाते, आणि त्याला मागचे चारही टायर हवेच असतात. नवा मालक गाडी ताब्यात घेताना बाहेरची दोन्ही चाके उतरवून आतले टायर पाहून घेतो, आणि जोडीतल्या झिजेचा फरक हाती लागला की किंमत तेथेच खाली आणतो.