भातलावणीचा पोशाख : पाऊस, वारा आणि ज्याची त्याची थंडी

जूनअखेरपासून कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर भातलावणीची धांदल सुरू होते. रोपांचे वय किती असावे, दोन चुडांत अंतर किती ठेवावे, खत केव्हा द्यावे यांबाबत शेतकरी बंधू-भगिनींना वेळोवेळी शिफारशी दिल्या जातात. परंतु जी माणसे दिवसाचे आठ तास ओणव्याने चिखलात उभी राहून ही लावणी करतात, त्यांच्या अंगावर काय असावे याचा विचार सहसा होत नाही. 'पावसात भिजायचेच आहे, मग कपड्यांचे काय एवढे?' असे म्हटले जाते. हा समज बरोबर नाही.

थंडी तापमापकात दिसत नाही

पावसाळ्यात आपल्याकडे कडाक्याची थंडी नसते. किनारपट्टीवर जुलैत तापमान २३ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी मात्र जुलैत दुपारीही ते अनेकदा २० अंशांच्या आसपासच राहते. आजरा, गगनबावडा, मुळशी, इगतपुरी या भातपट्ट्यांत पाऊस, धुके आणि वारा एकत्र येतात. हिवाळ्यात २० अंशांची दुपार आपण उबदार मानतो. मग त्याच तापमानात पावसात दात का वाजतात?

याची कारणे तीन आहेत. पहिले म्हणजे पाणी. ते स्थिर हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३३ अंश असते. तिला ओले कापड चिकटले की उष्णता सतत बाहेर जाते. दुसरे कारण वारा. अंगालगत तापलेल्या हवेचा पातळ थर असतो, तो वारा उडवून लावतो. तिसरे व महत्त्वाचे कारण बाष्पीभवन होय. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर तासाला साधारण ७० ते ८० किलोकॅलरी उष्णता निर्माण करते. म्हणजे कपड्यांतील अर्धा लिटर पाणी अंगावरच वाळवायचे म्हटले, तर शरीराची तीन ते चार तासांची कमाई त्यात जाईल एवढी उष्णता लागते. यातील काही भाग हवेतून मिळतो हे खरे, पण उरलेला भार अंगावरच पडतो.

कपड्यांत किती पाणी राहते हे घरीच पाहता येईल. जाड सुती सदरा कोरडा असताना तोलून पाहावा. मग भिजवून, न पिळता, नुसता निथळून पुन्हा तोलावा. कापडाने स्वतःच्या वजनापेक्षा अधिक पाणी धरलेले आढळेल.

काम चालू असताना आणि थांबल्यावर

चिखलणी करणारा माणूस विश्रांतीच्या चार-पाच पट उष्णता निर्माण करतो. त्यामुळे ओल्या अंगानेही त्याला थंडी वाजत नाही, उलट घाम येतो. हाच माणूस जेवणासाठी बांधावर बसला की उष्णतेची निर्मिती एकदम घटते, पण कपडे तेवढेच ओले असतात. थंडी नेमकी त्या वेळी अंगात शिरते. म्हणून कामासाठी कपडे कमी व सुटसुटीत असावेत आणि थांबण्याच्या वेळेसाठी कोरडे कपडे जवळ असावेत. पावसाळी पोशाखाचे मुख्य सूत्र एवढेच आहे.

कोणते वस्त्र कशासाठी?

*इरले :* बांबूच्या कामट्या व पानांचे इरले डोके आणि पाठ झाकते, बाजूने हवा खेळती राहते. ओणव्याने लावणी करणाऱ्यास याहून सोयीचे साधन क्वचितच मिळेल. जोराच्या वाऱ्यात मात्र ते आवरत नाही.

*प्लॅस्टिकचा रेनकोट :* वारा व पाऊस दोन्ही अडवतो. पण जड कामात घामाची वाफ आतच अडकून माणूस आतून भिजतो. चिखलणीच्या वेळी गळ्याशी व काखेत मोकळा राहील असा सैल रेनकोट घ्यावा. रोपे वाहणे, पाणी सोडणे, गुरे राखणे अशा हलक्या कामांस तो उत्तम.

*घोंगडी :* लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा धाग्यात शोषून घेते, तरी हाताला फारशी ओली लागत नाही. ओलावा शोषताना ती थोडी उष्णताही देते. तिच्या कुरळ्या तंतूंत हवा टिकून राहते, म्हणून दमट घोंगडीही ऊब देते. ती पूर्ण भिजली की जड होते आणि वाळण्यास वेळ लागतो. म्हणून ती कामात वापरण्यापेक्षा विश्रांतीच्या वेळी पांघरावी.

*सुती कपडे :* उन्हाळ्यात सुखकर, पावसात त्रासदायक. जाड जीनची पँट तर सर्वांत गैरसोयीची. ती भिजून जड होते, मांड्यांना चिकटते व लवकर वाळत नाही.

*टेरिकॉट, नायलॉन, पॉलिएस्टर :* हे धागे पाणी फारच कमी शोषतात, त्यामुळे कपडे लवकर वाळतात. कामासाठी असे पातळ कपडे चालतील. टेरिकॉटमध्ये सुताचा अंश असल्याने ते त्या मानाने थोडे उशिरा वाळते. असे कपडे घालून चुलीजवळ मात्र जाऊ नये. ते पेटल्यास वितळून त्वचेला चिकटतात.

*गोणीची खोळ :* खताच्या रिकाम्या गोणीची खोळ करावयाची झाल्यास ती आतून-बाहेरून स्वच्छ धुवावी. कीटकनाशकाच्या पिशव्या कोणत्याही कारणासाठी अंगावर घेऊ नयेत.

डोक्यातूनच बहुतेक उष्णता जाते हा समज चुकीचा आहे. डोक्याचा वाटा त्याच्या आकारमानाइतका, म्हणजे सुमारे दहावा हिस्सा असतो. परंतु बाकीचे अंग झाकलेले आणि डोके-मान उघडी असेल, तर तेथून होणारी हानी जाणवण्याइतकी होते. म्हणून टोपरे किंवा मफलर अवश्य वापरावा.

एकाला वाजते, दुसऱ्याला का नाही?

एकाच खाचरात चाळीस वर्षांचा गडी उघड्या अंगाने नांगर धरतो आणि पासष्टीच्या आजी कुडकुडतात. हा नाजूकपणाचा प्रश्न नाही. उष्णता मुख्यतः स्नायूंत तयार होते आणि त्वचेखालील चरबी ती धरून ठेवते. वयाबरोबर स्नायू घटतात, त्वचेतील रक्तवाहिन्या उशिरा आकसतात आणि अंग गार पडल्याची जाणीवही मंदावते. लहान मुलांचे वजन कमी व त्या मानाने त्वचेचे क्षेत्र जास्त, त्यामुळे ती लवकर गारठतात. सडपातळ माणसाचेही तसेच.

रक्तक्षय असल्यास शरीराला पुरेशी उष्णता निर्माण करता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लावणी बहुतांशी स्त्रियाच करतात, हे येथे लक्षात घ्यावे. जिला सतत इतरांपेक्षा जास्त थंडी वाजते, तिने प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. थायरॉईडचा विकार, उपाशीपोटी काम व अपुरी झोप यांमुळेही सहनशक्ती घटते. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, त्यामुळे जखम कळत नाही.

सवयीने थंडी कमी वाजते हे खरे आहे. रोज गारव्यात काम करणाऱ्याची हुडहुडी काही दिवसांत कमी होते. परंतु हुडहुडी कमी झाली म्हणून अंगातून जाणारी उष्णता कमी होतेच असे नाही. म्हणून 'मला काही होत नाही' या भरवशावर राहू नये आणि आपली सहनशक्ती दुसऱ्याला लावू नये. दारूने अंगात ऊब आल्यासारखे वाटते, पण त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता अधिक वेगाने बाहेर पडते. तंबाखूने उलट त्या आकसतात व बोटे बधिर होतात.

धोक्याची लक्षणे

सुरुवातीला हुडहुडी भरते व बोटे वळत नाहीत. अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवून पाहावा. ते जमत नसेल तर काम थांबवावे. अशा बोटांनी रोपे उथळ, २.५ ते ४ सें.मी. खोलीवर लावणेही साधत नाही. पुढे बोलणे अडखळते, पाय लटपटतात, माणूस सुस्त होतो. ओल्या अंगाने थरथरणारा माणूस सुस्त होऊन थरथरायचा थांबला, तर तो बरा झाला असे समजू नये. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली जाणे ही तातडीची अवस्था असते.

अशा वेळी त्यास आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरड्या घोंगडीत डोक्यासह गुंडाळावे, चेहरा उघडा ठेवावा. शुद्धीवर असेल व गिळता येत असेल तर गोड, गरम चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत, जाळाच्या अगदी जवळ बसवू नये, दारू देऊ नये. सुस्ती असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

लावणीच्या दिवसांत हे करावे

१. कामावर जाण्यापूर्वी भाकरी, आंबील असे पोटभर खावे. दुपारी कुळथाचे कढण किंवा गरम पेज मिळाल्यास उत्तम.

२. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्यावा. किमान वरचा कपडा जेवणापूर्वी बदलावा.

३. बांधावर चार बांबू व प्लॅस्टिकचा कागद लावून वाऱ्याच्या दिशेने बंद असा आडोसा करावा.

४. वृद्ध, मुले व अशक्त व्यक्तींना बांधावर ओल्या कपड्यांत बसवून ठेवू नये.

५. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. चिखल्यांवर लगेच उपचार करावेत. पायास जखम असल्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, म्हणून ती झाकावी व गमबूट वापरावेत. ताप व अंगदुखी आल्यास डॉक्टरांना चिखलात काम केल्याचे सांगावे.

६. कपडे रात्री वलणीवर पसरून वाळवावेत. ओलेच कपडे सकाळी पुन्हा घालू नयेत.

पैऱ्याने असो वा मजुरीने, लावणी ज्याच्या शेतात आहे त्याने आडोसा, गरम चहा आणि कपडे बदलण्यास पाव तास एवढी सोय करावी. भर हंगामात एक माणूस अंथरुणास खिळला तर त्याच्या घराचे आणि शेताचे जे नुकसान होते, त्यापुढे हा पाव तास फार मोठा नाही.