आधी नक्कल, मग दुरुस्ती

जीएसटीचा भरणा करायची २० तारीख जवळ आली की जोगेश्वरीतल्या गाळ्यांमधून फोन यायला लागतात. पर्चेस ऑर्डरी, बिलं, ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावत्या सगळं मेलमध्ये असतं, आणि आउटलुक सांगतं की मेलची फाईल उघडता येत नाही, इनबॉक्स रिपेअर टूल चालवा. मग समोरून आवाज येतो, "मॅडम, ते टूलच चालू होत नाहीये. आता सगळे मेल गेले का?"

गेले नसतात, निदान लगेच तरी नाही. लहान ऑफिसांचे आणि कारखान्यांचे संगणक सांभाळणं हेच माझं काम. हायवेच्या बाजूचे गाळे, केव्हज रोडवरची ऑफिसं, पश्चिमेला एस. व्ही. रोडच्या माळ्यांवरचे छोटे धंदे इथे मी रोज जाते. अनुभवातून एक गोष्ट पक्की कळली आहे. दुरुस्तीचं टूल अडलं, तर बहुतेक वेळा टूल बिघडलेलं नसतं. त्याला कशाने तरी अडवलेलं असतं आणि ते कारण शोधता येतं. मेलचं खरं नुकसान होतं ते त्यानंतरच्या घाईत.

मुळात मेल या एकाच पीसीवर का असतात, ते समजून घेऊ. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमाने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. ते फोनच्या लाइनवरून चालायचं आणि मिनिटामिनिटाला पैसे पडायचे. म्हणून लाइन जोडायची, मेल उतरवून घ्यायचे, लाइन तोडायची आणि मग निवांत वाचायचे, ही पद्धत रुळली. तिचं नाव पॉप. या पद्धतीत मेल सर्व्हरवरून आपल्या पीसीवर येतात आणि काही दिवसांनी, सेटिंग तसं असेल तर लगेचच, सर्व्हरवरून पुसले जातात. आपल्याकडे ते 'पीएसटी' नावाच्या एकाच फाईलीत साठतात. इंटरनेट स्वस्त झालं, तरी कितीतरी गाळ्यांमध्ये सेटिंग तेच राहिलं. पंधरा-वीस वर्षांचा धंदा त्या एका फाईलीत आहे.

तिच्या दुरुस्तीसाठी मायक्रोसॉफ्ट ऑफिससोबतच स्कॅनपीएसटी नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो. इनबॉक्स रिपेअर टूल म्हणतात ते हेच. त्याचे वेगळे पैसे नाहीत. पण तो स्टार्ट मेनूत दिसत नाही आणि पहिला गोंधळ तिथेच होतो. आउटलुकची मूळ फाईल ज्या फोल्डरात असते, तिथेच तो असतो. नव्या आवृत्त्यांमध्ये सी ड्राइव्ह, प्रोग्रॅम फाइल्स, मायक्रोसॉफ्ट ऑफिस, रूट आणि मग ऑफिस१६ असा रस्ता आहे. ऑफिस ३२ बिटचं असेल, तर 'एक्स८६' लिहिलेल्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये बघायचं. तो सापडला नाही म्हणून नेटवर 'पीएसटी रिपेअर फ्री' शोधून दिसेल ते उतरवू नका. अशा नावाखाली पीसीत काय शिरेल, याचा भरवसा नाही.

दुसऱ्या पीसीवरचा स्कॅनपीएसटी पेन ड्राइव्हवर आणून चालवायचा प्रयत्नही बरेच जण करतात. तो चालत नाही, कारण त्याला ऑफिसच्या सोबतच्या फायली लागतात. स्वतःच्या जागेवरचा स्कॅनपीएसटीही डबल क्लिकला दाद देत नसेल, तर ऑफिसचं इन्स्टॉलेशनच दुखावलेलं असू शकतं. कंट्रोल पॅनेलमधल्या प्रोग्रॅम्सच्या यादीत ऑफिस निवडा, 'चेंज' दाबा आणि आधी 'क्विक रिपेअर' करा. त्याला इंटरनेट लागत नाही. त्याने भागलं नाही तरच 'ऑनलाइन रिपेअर' करा. त्यात ऑफिस जवळजवळ नव्याने बसतं, त्यामुळे वेळ हाताशी ठेवा.

सगळ्यात जास्त वेळा मात्र असं होतं, की टूल उघडतं, पण फाईल दुसरं कोणीतरी वापरतंय असं सांगून थांबतं. जमाखर्चाची वही एकाच्या हातात असताना दुसऱ्याने त्याच पानावर खाडाखोड करू नये, तसाच हा नियम आहे आणि तो आपल्या भल्याचा आहे. आउटलुकची खिडकी बंद केली, तरी ते मागे चालू राहिलेलं असू शकतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. तिथे आउटलुक दिसलं, तर थोडं थांबा. स्वतःहून गेलं नाही, तर 'एंड टास्क' करा. बॅकअपचा प्रोग्रॅम, अँटिव्हायरस किंवा वनड्राइव्हसारखी क्लाउडची सेवाही फाईल धरून बसते. पीसी रीस्टार्ट करून आउटलुक न उघडता आधी टूल चालवलं, की हा अडथळा बऱ्याचदा सुटतो.

परवानगी नाही असा निरोप आला, तर फाईल कुठे ठेवली आहे ते बघा. जुना बॅकअप सीडीवरून उतरवला असेल, तर फाईलवर 'रीड ओन्ली'ची खूण राहिलेली असू शकते. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती काढा. कारखान्यात एकाच पीसीवरची पीएसटी नेटवर्कवरून दोन-तीन जण उघडतात, असंही मी पाहते. हे करूच नका. पीएसटी त्यासाठी बनलेली नाही आणि तशी वापरली की खराब होऊ शकते. दुरुस्तीआधी ती स्वतःच्या डिस्कवर आणा आणि डिस्कवर फाईलीएवढी तरी मोकळी जागा ठेवा.

फाईल ओळखूच येत नाही असं टूल म्हणालं, तर फाईलीचं वय तपासा. आउटलुक २००२पर्यंतच्या पीएसटीची मर्यादा २ जीबी होती. २००३पासून नवी रचना आली. तिची मर्यादा सुरुवातीला २० जीबी आणि २०१०पासून ५० जीबी ठेवलेली आहे. जुनं टूल नवी रचना ओळखत नाही, म्हणून पीसीवरच्या आउटलुकसोबत आलेलंच टूल वापरा.

फाईल 'ओएसटी' असेल, तर एवढी धावपळ लागत नाही. ती सर्व्हरवरच्या मेलची नक्कल असते. वेबवर मेल दिसतायत याची खात्री करा, आउटलुक बंद करून ओएसटीचं नाव बदला आणि पुन्हा उघडा. मेल नव्याने उतरतात.

आता मुख्य नियम. पीएसटीला हात लावण्याआधी आउटलुक बंद करून तिची नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढा आणि दुरुस्ती त्या नकलेवर करा. टूल स्वतःही बॅकअप घेण्याबद्दल विचारतं, त्या चौकटीतली खूण काढू नका. फाईल मोठी असली, तर काम तासन्‌तास चालतं. खिडकी गोठल्यासारखी वाटली, तरी मध्येच पीसी बंद करू नका. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून यूपीएस नसलेल्या पीसीवर मी हे काम सुरूच करत नाही. एकदा चालवून थांबायचं नाही. चूक सापडली नाही असं टूल म्हणेपर्यंत ते पुन्हा पुन्हा चालवायचं. जागा सुटलेले मेल 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या फोल्डरात येऊ शकतात. तिथले मेल नव्या पीएसटीत हलवा. जुनी फाईल महिनाभर तरी पुसू नका.

मी एवढ्या कळकळीने हे सांगते, कारण त्या फाईलीत नुसता पत्रव्यवहार नसतो. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. उधारी नाकारणाऱ्या गिऱ्हाइकासमोर त्याने स्वतः पाठवलेली ऑर्डर ठेवता आली, तर कारागिराचे पैसे वसूल होतात. मोठ्या कंपन्यांकडे या कामाला स्वतंत्र विभाग असतात. गाळ्यातल्या माणसाकडे तो स्वतः आणि हिशेब बघणारी एखादी मुलगी, एवढंच असतं. त्यांना हे यायला हवं आणि ते अवघड नाही. मेल देणाऱ्याला विचारून पॉपऐवजी आयमॅप सुरू करा, म्हणजे मेल सर्व्हरवरही राहतील. जुन्या पीएसटीची दर महिन्याला बाहेरच्या डिस्कवर नक्कल काढा आणि ती नक्कल दुसऱ्या पीसीवर उघडून बघा. उघडून बघितलेली नक्कल हाच खरा बॅकअप.